पाच हजार वाचकांचं दैनिक कोणी पोसायचं? वेल्श वृत्तपत्राच्या अनुदानाचं गणित

वेल्श भाषेतलं पहिलं साप्ताहिक १८१४ साली ब्रिटनच्या वेल्स भागातल्या स्वान्झी शहरात निघालं. त्याचं नाव ‘सेरेन गोमेर’. आपलं ‘दर्पण’ निघालं १८३२ मध्ये, म्हणजे त्यानंतर अठरा वर्षांनी. तेव्हापासून आजपर्यंत या भाषेत साप्ताहिकं झाली, मासिकं झाली, एकोणिसाव्या शतकात आठवड्यातून दोनदा निघणारं पत्रही झालं. पुढे रेडिओ आला, स्वतःची दूरचित्रवाणी वाहिनी आली. रोज सकाळी दारात पडणारं छापील दैनिक मात्र एकदाही निघालं नाही.

एकदा ते अगदी उंबऱ्यापर्यंत आलं होतं. ‘अ बीद’, म्हणजे ‘जग’, या नावाचं दैनिक ३ मार्च २००८ रोजी सुरू होणार होतं. ‘दध्योल’ (म्हणजे ‘दैनिक’) नावाची कंपनी स्थापन झाली होती, लोकांनी तिचे शेअर घेतले होते, नेड टॉमस यांच्यासारखे अभ्यासक अनेक वर्षं त्यामागे उभे होते. फेब्रुवारी २००८ मध्ये, पहिला अंक निघायला काही आठवडे उरले असताना, कंपनीने प्रकल्प सोडून दिला. सरकारने देऊ केलेल्या पैशात दैनिक चालणार नाही, हे त्याचं कारण.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, तेव्हापासून ‘भाषेसाठी सरकारी पैसा नेमका कशावर खर्च व्हावा’ हा प्रश्न आपल्याकडेही वारंवार निघतो. त्या प्रश्नाचा एक कोपरा वेल्सच्या या प्रकरणात फार स्वच्छ दिसतो. एका लहान भाषेत दैनिक काढायला किती पैसे लागतात, ते बाजारातून का येत नाहीत आणि सरकारने द्यायचेच ठरवले तर काय काय चुकतं, हे इथे आकड्यांसकट पाहता येतं.

भाषा किती मोठी?

वेल्स हा युनायटेड किंग्डमचा एक भाग आहे, लोकसंख्या सुमारे ३१ लाख. २००१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे ५ लाख ८२ हजार होते, २०११ मध्ये ५ लाख ६२ हजार आणि २०२१ मध्ये ५ लाख ३८ हजार. २०५० पर्यंत हा आकडा दहा लाखांवर न्यायचा, असं वेल्स सरकारचं २०१७ पासूनचं जाहीर धोरण आहे.

बोलणारे म्हणजे वाचणारे नव्हेत. २००१ मध्ये बोलता, वाचता आणि लिहिता अशा तिन्ही गोष्टी येणारे सुमारे ४ लाख ५८ हजार होते. आणि यातल्या जवळजवळ प्रत्येकाला इंग्रजी उत्तम येतं. मराठी वाचकाने इथे थोडं थांबावं, कारण आपल्याकडे बहुतेक वाचकांचं असं नाही. मराठी दैनिकाच्या अनेक वाचकांना इंग्रजी दैनिक हा पर्यायच नसतो. वेल्श दैनिकाच्या वाचकाला तो कायम असतो, दुकानात त्याच फळीवर, जास्त पानांचा आणि बहुधा स्वस्त.

दुसरा फरक पाठीमागच्या मुलखाचा. बेळगावात मराठी ही अल्पसंख्याकांची भाषा आहे, पण तिथून १९१९ मध्ये सुरू झालेला ‘तरुण भारत’ कोल्हापूर, कोकण आणि गोव्यातही वाचला जातो; सीमेपलीकडे त्याच भाषेचा मोठा प्रदेश आहे. जर्मनीतल्या डॅनिश लोकांचं ‘फ्लेन्सबोर्ग आविस’ हे दैनिक डेन्मार्क सरकारच्या मदतीवर उभं आहे. वेल्शच्या पाठीमागे असा कुठलाही देश नाही. जे काही उभं करायचं ते याच पाच लाखांतून.

पहिल्या प्रतीचा खर्च

या विषयातली एकच तांत्रिक संज्ञा नीट समजून घ्यावी लागते: पहिल्या प्रतीचा खर्च. छापखान्यातून अंकाची एकच प्रत बाहेर पडायची असली तरी जो खर्च टळत नाही, तो. बातमीदार, उपसंपादक, छायाचित्रकार, पान लावणारे, कार्यालयाचं भाडं, संगणक, वृत्तसंस्थेची वर्गणी, वकिलाचा सल्ला, छपाईयंत्र चालू करून रंग जुळेपर्यंत वाया जाणारा कागद. हा खर्च वाचकांच्या संख्येवर अवलंबून नसतो.

मुक्कामी एसटीचं उदाहरण घ्या. शेवटच्या गावाला जाणाऱ्या गाडीत पाच माणसं बसली काय आणि पन्नास बसली काय, डिझेल जवळपास तेवढंच लागतं. चालकाचा आणि वाहकाचा पगारही तेवढाच. पाच प्रवाशांकडून पन्नास जणांचं भाडं वसूल करता येत नाही. म्हणून गाडी बंद करायची, नाहीतर फरक कोणीतरी भरायचा. अर्धी गाडी सोडण्याची सोय नसते.

आता हेच वृत्तपत्राला लावू. पुढचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, कुठल्याही प्रत्यक्ष वृत्तपत्राचे नाहीत. समजा पहिल्या प्रतीचा खर्च रोजचा ५,००० पौंड. त्यावर प्रत्येक प्रतीचा कागद, शाई आणि वाहतूक मिळून ४० पेन्स. एका पौंडाचे १०० पेन्स.

५०,००० प्रती खपल्या तर पहिल्या प्रतीच्या खर्चातला वाटा प्रतीमागे १० पेन्स येतो. एक अंक पडला ५० पेन्सला. किंमत ७० पेन्स ठेवली आणि त्यातला सुमारे एक तृतीयांश घाऊक वितरक आणि दुकानदाराकडे गेला, तर हातात ४७ पेन्स राहतात. तूट ३ पेन्सची, ती जाहिराती सहज भरून काढतात. धंदा चालला.

५,००० प्रती खपल्या तर तोच वाटा प्रतीमागे पूर्ण १ पौंड होतो. अंक पडला १४० पेन्सला, हातात आले ४७. तूट ९३ पेन्स. पाच हजार प्रतींवर रोजची ४,६५० पौंड. आठवड्याला पाच अंक धरले आणि सुट्ट्या वगळल्या तर वर्षाला सुमारे २५० अंक होतात. म्हणजे वर्षाची तूट ११ लाख ६० हजार पौंडांच्या आसपास. जाहिरातींनी त्यातली निम्मी भरली असं उदारपणे धरलं, तरी पावणेसहा लाख उरतात.

यात कोणाचा नाकर्तेपणा नाही. संपादक कितीही कल्पक असला आणि व्यवस्थापक कितीही काटकसरी असला, तरी पाच हजारांनी भागण्याच्या ऐवजी पन्नास हजारांनी भागता येत नाही.

वेल्शमध्ये हा खर्च आणखी वाढतो

इंग्रजी जिल्हा दैनिकाच्या पानांतला मोठा भाग वृत्तसंस्थेकडून तयार येतो. लंडनमधली संसदेची बातमी, क्रिकेटचा धावफलक, न्यायालयाचा निकाल उपसंपादक उचलतो, कापतो, मथळा देतो. वेल्श दैनिकाला ही सोय नाही, कारण बातम्या इंग्रजीत येतात. प्रत्येक ओळ नव्याने लिहावी लागते. दहा मिनिटांचं काम चाळीस मिनिटांचं होतं, आणि ते रात्री नऊनंतर, पान सुटायच्या घाईत.

भाषेचा स्वभावही इथे आडवा येतो. मराठीत विभक्ती लागताना शब्दाचं शेपूट बदलतं: पुणे, पुण्यात, पुण्याला. वेल्शमध्ये शब्दाचं तोंड बदलतं. कार्डिफला, म्हणजे वेल्सच्या राजधानीला, वेल्शमध्ये ‘कायर्दीद’ म्हणतात. ‘कार्डिफला’ म्हणायचं तर ते ‘गायर्दीद’ होतं, ‘आणि कार्डिफ’ म्हणायचं तर ‘खायर्दीद’, आणि ‘कार्डिफमध्ये’ म्हणताना पहिलं अक्षर नाकातून काढायच्या निराळ्याच ध्वनीत जातं. एकाच शहराचं नाव एका पानावर चार अक्षरांनी सुरू होऊ शकतं. हे रोज, शेकडो नावांबाबत, चुकू न देता करणारे उपसंपादक लागतात. अशी माणसं प्रसारमाध्यमांत आणि सरकारी भाषांतर विभागात चांगल्या पगारावर आधीच कामाला असतात. दैनिकाला त्यांच्याशी स्पर्धा करावी लागते.

मग भूगोल. वेल्श भाषेचं प्रमाण सर्वांत जास्त आहे ते वायव्येकडच्या ग्विनेद आणि अँगलसी भागात आणि पश्चिमेकडच्या केरेडिगियॉन आणि कार्मार्थनशायर परगण्यांत. पण हजारो भाषक दक्षिणेला कार्डिफमध्येही राहतात. मध्ये डोंगर. उत्तर वेल्समधून कार्डिफला आगगाडीने जायचं तर बहुतेक गाड्या इंग्लंडमधल्या श्रूजबरीवरून फिरून जातात. एका ठिकाणी छापून सकाळी सहाच्या आत चारही कोपऱ्यांत अंक पोचवायचा, आणि एकेका दुकानात पाच-दहाच प्रती. गाडीचं भाडं मात्र भरल्या गाडीचं. टपालाने पाठवला तर अंक दुपारी पडतो, आणि दुपारी पडलेल्या दैनिकाचे वर्गणीदार पुढच्या वर्षी नूतनीकरण करत नाहीत.

२००७ आणि २००८ मध्ये काय घडलं

२००७ च्या उन्हाळ्यात वेल्समध्ये लेबर आणि प्लाइड कमरी (वेल्सचा राष्ट्रवादी पक्ष) या पक्षांचं संयुक्त सरकार आलं. त्यांच्या किमान समान कार्यक्रमात वेल्श नियतकालिकांची मदत वाढवण्याचं वचन होतं, आणि त्यात वेल्श दैनिकाच्या स्थापनेचा स्पष्ट उल्लेख होता. दैनिकाचे पुरस्कर्ते त्या शब्दांवर विसंबून पुढे गेले, आणि त्यांना दोष देता येणार नाही. लेखी वचन होतं.

सरकारने वेल्श मुद्रित माध्यमांचा आढावा घ्यायला लावला. त्यानंतर फेब्रुवारी २००८ मध्ये वारसामंत्री रोद्री ग्लिन टॉमस यांनी रक्कम जाहीर केली: वर्षाला २ लाख पौंड, तीन वर्षांसाठी, एकूण ६ लाख. शिवाय ही रक्कम ‘अ बीद’च्या नावाने नव्हती. ती सरकारी मदत वाटणाऱ्या वेल्श बुक्स कौन्सिल या संस्थेमार्फत खुल्या अर्जांतून द्यायची होती. ‘दध्योल’ कंपनीने त्याच महिन्यात सांगितलं की एवढ्यात दैनिक निघू शकत नाही.

दोन लाखांना २५० अंकांनी भागा: एका अंकामागे ८०० पौंड. त्या काळी ब्रिटनमधलं किमान वेतन तासाला ५ पौंड ५२ पेन्स होतं. म्हणजे ८०० पौंडांत अठरा माणसं किमान वेतनावर आठ तास राबतील, आणि तिथेच पैसे संपतील. कागद नाही, छपाई नाही, गाडी नाही, आणि अनुभवी पत्रकार किमान वेतनावर येत नाही.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर २००१ च्या प्रत्येक वेल्श भाषकामागे ही रक्कम वर्षाला सुमारे ३४ पेन्स होते. तुलनेसाठी, वेल्श वाहिनी ‘एसफोरसी’ला २०२२-२३ मध्ये परवानाशुल्कातून (टीव्ही पाहणाऱ्या घरांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून) ८ कोटी ८८ लाख पौंड मिळाले, २०२१ च्या प्रत्येक भाषकामागे ते १६५ पौंड होतात. काळ वेगळा आहे, माध्यम वेगळं आहे, दूरचित्रवाणी मुळातच महाग आहे. तरीही सरकारने भाषेच्या कोणत्या अंगावर किती ओतलं याची कल्पना या दोन आकड्यांवरून येते.

माझ्या मते चूक रक्कम कमी असण्यात जेवढी होती, त्याहून जास्त तिच्या मोजमापात होती. नदीवर पूल बांधायला दहा रुपये लागत असतील आणि आपण तीन दिले, तर तीन दशांश पूल मिळत नाही. मिळतो तो काठावरचा चौथरा. चौथरा निरुपयोगी असतोच असं नाही, त्यावर बसता येतं. पण पलीकडे जाता येत नाही, आणि ‘पुलासाठी पैसे दिले’ असं वहीत लिहिता येत नाही.

‘इंग्रजी दैनिकं तर सरकारी पैशाविना चालतात ना?’

ही सर्वांत पहिली शंका असते, आणि ती जेवढी सरळ वाटते तेवढी नाही. ब्रिटनमध्ये छापील वृत्तपत्रावर मूल्यवर्धित कर शून्य टक्के आहे. बाकी बहुतेक मालावर तो २००८ मध्ये १७.५ टक्के होता, २०११ पासून २० टक्के आहे. ७० पेन्सच्या अंकावर २० टक्के कर लावला तर १४ पेन्स होतात. एवढा कर सरकार प्रत्येक प्रतीमागे सोडून देतं. ही मदत प्रतीच्या संख्येप्रमाणे मिळते. म्हणजे लाखो प्रती खपवणाऱ्याला सर्वांत जास्त आणि पाच हजारवाल्याला नगण्य. शिवाय नियोजन, रस्ते, परवाने यांच्या कितीतरी जाहीर सूचना कायद्याने स्थानिक वृत्तपत्रात छापाव्या लागतात, आणि त्याचे पैसे सार्वजनिक तिजोरीतून जातात.

आपल्याकडेही छापील वृत्तपत्राच्या विक्रीवर जीएसटी नाही, आणि सरकारी जाहिराती हा अनेक जिल्हा दैनिकांचा कणा आहे. सरकारी मदतीचं काम असंच असतं: जी दिसते तिच्यावर वाद होतो, जी करसवलतीच्या रूपात मिळते तिला कोणी अनुदान म्हणत नाही.

‘रेडिओ आहे, वाहिनी आहे, मग कागद कशाला?’

बीबीसीचा वेल्श रेडिओ १९७७ पासून आहे. एसफोरसी १ नोव्हेंबर १९८२ रोजी सुरू झाली. तिच्यासाठी प्लाइड कमरीचे अध्यक्ष ग्विनफोर एव्हन्स यांनी १९८० मध्ये आमरण उपोषणाचा इशारा दिला होता. त्यामुळे वेल्शमध्ये बातम्या मिळतच नाहीत असं नाही.

पण एसफोरसीवरचं मुख्य बातमीपत्र बीबीसी वेल्सच तयार करून देते. रेडिओ बीबीसीचा. संकेतस्थळ बीबीसीचं. म्हणजे तीन दारं दिसतात, पण आत खोली एकच. त्या खोलीतले पत्रकार उत्तम आहेत. तरीही कुठली बातमी महत्त्वाची, कुठली सोडायची हा निर्णय एकाच ठिकाणी होतो. शिवाय सार्वजनिक प्रसारकाला तटस्थ राहावं लागतं. तो अग्रलेख लिहू शकत नाही, सरकारच्या भाषाधोरणावर ‘हे चुकलं’ असं म्हणू शकत नाही. वृत्तपत्र ते म्हणू शकतं. आणि वाचण्याचा सराव ऐकून होत नाही. शाळेत वेल्श माध्यमातून शिकलेला मुलगा अठराव्या वर्षानंतर रोज काय वाचतो, या प्रश्नाचं उत्तर जर ‘इंग्रजी’ असेल, तर पाच-सात वर्षांत त्याला वेल्शमध्ये अर्जसुद्धा लिहायला अवघडल्यासारखं होतं. शाळेवर झालेला खर्च त्याच्याबाबतीत तिथेच थांबतो.

युरोपातल्या प्रादेशिक आणि अल्पसंख्य भाषांच्या सनदेला ब्रिटनने २००१ मध्ये मान्यता दिली. त्या सनदेच्या माध्यमांवरच्या कलमात, त्या भाषेत किमान एक वृत्तपत्र निघावं किंवा टिकावं यासाठी प्रोत्साहन देण्याचा पर्याय आहे. ‘दैनिक’ हा शब्द त्यात नाही. साप्ताहिक असलं की अट पुरी झाली असं म्हणायला सरकारला जागा राहते.

‘सरकारचे पैसे घेतले की लेखणी बांधली जाते’

ही शंका मला सर्वांत गंभीर वाटते, आणि तिला ‘असं काही होत नाही’ हे उत्तर देऊन चालणार नाही. होतं.

बेलफास्टमध्ये ‘ला’ नावाचं आयरिश भाषेतलं पत्र १९८४ मध्ये निघालं, २००३ मध्ये दैनिक झालं. सरकारी भाषासंस्थेने निधी थांबवला आणि डिसेंबर २००८ मध्ये ते बंद पडलं. ‘फॉइन्श’ हे १९९६ पासूनचं आयरिश साप्ताहिक २००९ मध्ये त्याच संस्थेशी निधीवरून बिनसल्यावर थांबलं. इथे कोणी संपादकाला धमकावलं असा आरोप करायची गरज नाही. एकाच दात्यावर सगळा भार असला की त्या दात्याचा कुठलाही निर्णय, कितीही प्रामाणिक असो, मरणाचाच ठरतो.

उलट उदाहरण बास्क भाषेचं. १९९० मध्ये सुरू झालेलं ‘एगुंकारिया’ हे दैनिक २० फेब्रुवारी २००३ रोजी स्पेनच्या न्यायाधीशाच्या आदेशाने बंद करण्यात आलं. दहशतवादी संघटनेशी संबंध असल्याचा आरोप होता. २०१० मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. पण वाचक २०१० पर्यंत थांबले नाहीत. त्यांनी भांडवल उभं केलं आणि चारच महिन्यांत, २१ जून २००३ रोजी, ‘बेरिया’ हे नवं दैनिक काढलं. त्याला सरकारी अनुदानही मिळतं, पण वर्गणी आणि भागधारक हा त्याचा दुसरा पाय आहे. एक पाय लुळा पडला तर दुसऱ्यावर उभं राहता येतं. वेल्श दैनिकाच्या मंडळींनी लोकांकडून शेअर घेतले ते याच विचाराने.

तिसरी गोष्ट मधल्या हाताची. नॉर्वेने १९६९ पासून वृत्तपत्रांना थेट मदत दिली. ती एखाद्या मंत्र्याच्या मर्जीने नव्हे, तर ठरलेल्या निकषांवर मिळते. निकष पुरा झाला की पैसे, मजकूर काहीही असो. वेल्समध्ये हे मधल्या हाताचं काम १९६१ मध्ये स्थापन झालेली, अ‍ॅबरिस्टविथची बुक्स कौन्सिल करते. मंत्री एकूण रक्कम ठरवतो, कोणाला किती ते कौन्सिल ठरवते. हा मधला हात खरा आहे की नावापुरता, हे ओळखायची एक साधी खूण आहे: सरकारवर कडक टीका झाली त्याच्या पुढच्या वर्षी रकमेचं काय झालं, ते पाहायचं.

अनुदान बांधायचं कसं

इथे बारकावे महत्त्वाचे आहेत, कारण बहुतेक योजना हेतूने नव्हे तर बांधणीने बुडतात.

सुरुवातीचा पैसा आणि चालवायचा पैसा वेगळा ठेवावा लागतो. सुरुवातीच्या पैशातून यंत्रणा, जाहिरात आणि पहिल्या सहा महिन्यांची तूट भागते. तो चालू खर्चात मिसळला की दुसऱ्या वर्षी खड्डा पडतो. वर्गणीचे पैसे आगाऊ येतात, त्यामुळे खात्यात रक्कम भरपूर दिसते. पण ते कमावलेले नसतात, तेवढे अंक अजून देणं असतात. नवी वृत्तपत्रं बऱ्याचदा याच पैशाला हात लावून फसतात.

मुदत तीन वर्षांची असेल तर तिसऱ्या वर्षी चांगली माणसं दुसरीकडे अर्ज करू लागतात, आणि अंक नेमका तेव्हाच ढासळतो जेव्हा त्याचं मूल्यमापन व्हायचं असतं. पाच ते सात वर्षांची मुदत आणि शेवटच्या दोन वर्षांआधी निर्णय, हे व्यवहाराला धरून आहे. खर्च केल्यावर पावत्या दाखवून परतफेड अशी अट असेल तर लहान प्रकाशकाला बँकेकडून उसने काढून पगार द्यावे लागतात. आगाऊ तिमाही हप्ता हवा.

रक्कम खपाशी जोडावी का? थोडी जोडावी. आपल्याकडे एसटीत महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत आहे आणि उरलेली रक्कम सरकार महामंडळाला भरून देतं. म्हणजे प्रवासी जितके जास्त तितकी भरपाई. वृत्तपत्रालाही प्रत्येक भरल्या वर्गणीमागे ठरावीक रक्कम दिली तर वाचक मिळवण्याची धडपड टिकते आणि संपादकावर सरकारचा दबावही कमी राहतो. मात्र पूर्ण अनुदान असं जोडलं तर पुन्हा जुनाच प्रश्न येतो, कारण पहिल्या प्रतीचा खर्च वाचक येण्याआधीच झालेला असतो. म्हणून एक स्थिर भाग आणि एक खपावरचा भाग, असे दोन हप्ते हवेत.

कायद्याची चौकटही असते. २००८ मध्ये युरोपीय संघाच्या नियमानुसार एका उद्योगाला तीन वर्षांत २ लाख युरोंपर्यंतची मदत किरकोळ समजली जाई. त्याहून जास्त द्यायची तर सर्वसाधारणपणे युरोपीय आयोगाची परवानगी घ्यावी लागे. ब्रिटन बाहेर पडल्यानंतर २०२२ च्या कायद्याने ही किरकोळ मर्यादा तीन वर्षांत ३ लाख १५ हजार पौंड केली. दैनिकाची गरज या दोन्हींच्या पलीकडची आहे, त्यामुळे सरकारला ‘हा बाजारातला बिघाड आहे आणि तो आम्ही दुरुस्त करतो आहोत’ असं लेखी मांडावंच लागतं. खुला अर्ज मागवण्यामागे हेही एक कारण असतं. पण निविदेत काय विकत घ्यायचं आहे ते आधी ठरलं नसेल, तर सर्वांत स्वस्त बसणारी गोष्टच निवडली जाते.

‘संकेतस्थळ मिळालंच की’

ते २ लाख पौंड वाया गेले नाहीत. १९८८ पासून लॅम्पीटरहून ‘गोलुग’ नावाचं साप्ताहिक काढणाऱ्या कंपनीला ते काम मिळालं, आणि मे २००९ मध्ये ‘गोलुग ३६०’ ही वेल्शमधली रोजची ऑनलाइन बातमीसेवा सुरू झाली. ती आजही चालू आहे. छपाई नाही, गाड्या नाहीत, श्रूजबरीचा फेरा नाही. खर्चाचा तो मोठा तुकडा गेला. आज नव्याने विचार केला तर रोज कागद छापायला कोणी सांगणार नाही. डेन्मार्कमधल्या जर्मन भाषकांच्या ‘डेर नॉर्डश्लेस्विगर’नेही फेब्रुवारी २०२१ मध्ये छापील दैनिक थांबवून इंटरनेटची वाट धरली.

पण पहिल्या प्रतीच्या खर्चाची यादी पुन्हा काढून पाहा. रंग जुळेपर्यंत वाया जाणारा कागद सोडला, तर कागद आणि वाहतूक त्यात नव्हतीच. बातमीदार, उपसंपादक, न्यायालयात आणि परगणा परिषदेच्या बैठकीत दिवसभर बसणारा माणूस हा खर्च पडद्यावरही तेवढाच राहतो. उत्पन्न मात्र घटतं, कारण ऑनलाइन जाहिरातीचा दर छापील दराच्या आसपासही नसतो. म्हणून रक्कम पुरेशी आहे का, या प्रश्नातून संकेतस्थळही सुटका करून देत नाही. संकेतस्थळाला वाचक शोधत यावा लागतो. त्याच्या भ्रमणध्वनीवर इंग्रजी बातमी न शोधता येते.

‘भाषेवर एवढं प्रेम आहे तर लोकांनीच काढावं’

लोक काढतातच. वेल्समध्ये ‘पापिर ब्रो’, म्हणजे परिसराचं पत्र, नावाची चळवळ आहे. १९७३ मध्ये कार्डिफला ‘अ दिनेसिद’ निघालं आणि पुढे एकेका खोऱ्यात, एकेका गावगटात अशी पन्नासवर मासिक पत्रं उभी राहिली. लिहिणारे बिनपगारी, वाटणारे बिनपगारी. शाळेचा निकाल, मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यांच्या शर्यती, कोणाचं लग्न, कोणाचं निधन.

त्यात ‘दुमडण्याची रात्र’ नावाचा एक प्रघात आहे. छापून आलेले सुटे ताव गावच्या सभागृहात लांब टेबलांवर मांडतात. निवृत्त शिक्षक, शेतकरी, शाळकरी मुलं रांगेने उभी राहतात. एक जण ताव दुमडतो, पुढचा आतलं पान सरकवतो, त्याच्या पुढचा गठ्ठे बांधतो. मग चहा होतो, आणि ज्याच्या त्याच्या गल्लीचा गठ्ठा ज्याच्या त्याच्या पिशवीत जातो. रस्त्यावरचं शेवटचं घरसुद्धा सुटत नाही. घाऊक वितरकाला जे परवडत नाही ते हे लोक महिन्यातून एका संध्याकाळी करतात.

गोव्यात देवनागरी कोकणीतलं ‘सुनापरान्त’ हे दैनिक १९८७ मध्ये निघालं आणि २०१५ मध्ये थांबलं. तिथेही वाचकाला मराठी आणि इंग्रजी दोन्ही येतं, तिथेही माया कमी नव्हती. महिन्यातून एक संध्याकाळ लोक देऊ शकतात. कार्डिफच्या विधिमंडळात मंगळवारी दुपारी अर्थसंकल्पाची उपकलमं वाचत बसायला, बुधवारी पुन्हा जायला, आणि गुरुवारी मंत्र्याच्या उत्तरातली तफावत पकडायला पगारी माणूस लागतो. त्याचा वर्षाचा पगार दुमडण्याच्या रात्रीतून निघत नाही.